डिचोलीकडचे भालाफेकीचे सर: पावणेदोन वर्षांचा अनुभव

गेल्या दोन महिन्यांत चार जणींनी मला विचारलं की तुमची मुलगी भालाफेकीला जाते ते सर कसे आहेत, आमच्या पोराला घालू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडत नाही. डिचोली तालुक्यात एका हायस्कूलच्या मैदानावर संध्याकाळची बॅच असते, त्या बाजूला गेलात आणि भाल्यावाले सर म्हणून विचारलंत की कोणीही सांगेल. आम्ही म्हापशाला राहतो, स्कूटरने अर्धा तास जायला अर्धा तास यायला, आठवड्यातून चार दिवस, आणि हे मी पावणेदोन वर्षं करतेय त्यावरूनच काय ते समजा. पण तक्रारी पण आहेत, त्या पण लिहिणार आहे.

सुरुवात झाली ती 2023 मध्ये. गोव्यात 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या ना तेव्हा ॲथलेटिक्स बांबोळीच्या स्टेडियमवर होतं, मी लेकीला घेऊन गेले होते. तिला खरंतर धावण्याच्या शर्यती बघायच्या होत्या. तिथे तिने पहिल्यांदा भाला डोळ्यांसमोर बघितला, टीव्हीवर नाही, आणि तो गवतात रुतल्यावर त्याची शेपटी थरथरत राहते ना ते बघून ती उभीच राहिली. घरी आल्यावर परसात माडाच्या चुडताचा हीर घेऊन फेकत बसली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मला वाटलं चार दिवसांचं खूळ असेल, पण डिसेंबर गेला तरी हीर काही सुटेना.

मग आम्ही तिला एके ठिकाणी घातलं, कुठे ते सांगत नाही, आणि तिथे जे झालं ते आधी सांगते कारण त्याच्याशिवाय डिचोलीच्या सरांची किंमत कळायची नाही. तिथे पहिल्याच दिवशी हातात भाला दिला. पोरगी खुश, मी पण खुश. रोज पन्नास-साठ थ्रो, फेक, आण, फेक, आण, कोण जास्त लांब टाकतो ते बघायचं बस. क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून बॉल फेकतात तसं ती हात बाजूने फिरवून फेकायची, कोणी काही बोललं नाही. तीन महिन्यांत तिला कंपास पेटीचं झाकण उघडताना कोपरात कळ यायला लागली. डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने दाबलं आणि ती ओरडली. ते म्हणाले वाढीचं वय आहे, हाडांची टोकं अजून पक्की झालेली नाहीत, खांद्याखाली कोपर ठेवून जोरात फेकलं की सगळा ताण ह्या आतल्या बाजूवर येतो, सहा आठवडे काही फेकायचं नाही. मला त्या दिवशी स्वतःचा फार राग आला, कारण मी तिथे बाजूला बसून रोज टाळ्या वाजवत होते.

सहा आठवडे झाले आणि ती पुन्हा मागे लागली. डिचोलीच्या सरांबद्दल माझ्या नणंदेने सांगितलं, तिच्या शेजाऱ्यांचा मुलगा जायचा. 2024 चा जून, पाऊस नुकताच सुरू झालेला. सरांनी पहिल्यांदा विचारलं ते हे की "बाय, दुखायचं तेव्हा कुठे दुखायचं, एका बोटाने दाखव." तिने दाखवलं. मग तिला म्हणाले पाण्याची बाटली उचलून माझ्याकडे टाक, हळू. तिने टाकली. परत टाक. तीन-चारदा बघितलं आणि मला म्हणाले, "वहिनी, हिला चवथीपर्यंत भाला मिळणार नाही. चालत असेल तर उद्यापासून पाठवा." चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सप्टेंबरात होती. म्हणजे तीन महिने. लेकीचा चेहरा उतरला पण मला तिथेच बरं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी नाही म्हटलं होतं.

ते तीन महिने काय केलं ते जरा सविस्तर सांगते कारण बऱ्याच पालकांना वाटतं की भाला नाही तर पैसे कशाचे घेतात. गोव्यात जून ते सप्टेंबर मैदानावर काही होत नाही, लाल चिखल नुसता, रनअप घ्यायला गेलं तर पाय घसरून कंबर मोडेल. म्हणून सर शाळेच्या लांब व्हरांड्यात घेतात. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधायची आणि खांद्याचे व्यायाम, आत, बाहेर, डोक्यावरून. ट्यूब प्रत्येकाने आपली आणायची. मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, दोन हातांनी डोक्यामागून भिंतीवर. गुडघ्यावर बसून छोटा बॉल फेकायचा, म्हणजे पाय वापरताच येत नाहीत आणि कोपर खाली गेलं की लगेच दिसतं. खांद्यावर बांबू आडवा धरून कंबर एकीकडे आणि खांदे एकीकडे वळवायचे, हे तर रोज. आणि क्रॉसओव्हर. म्हणजे अंग बाजूला वळवून, एक पाय दुसऱ्याच्या पुढून टाकत तिरकं धावायचं, व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातात बांबू मागे लांब धरलेला आणि त्याचं टोक डोळ्याच्या बाजूला. टोक हललं की परत पहिल्यापासून. मी बाकावर बसून बघायचे, पत्र्यावर पाऊस, काही ऐकू यायचं नाही, आणि बारा-तेरा पोरं खेकड्यासारखी तिरकी धावतायत आणि सर फक्त हाताने खूण करतायत, तू परत, तू बरोबर, तू परत.

सरांचं एक वाक्य आहे, ते सगळ्या पोरांना पाठ आहे, "हात शेवटी." म्हणजे जोर जमिनीतून येतो. पाय, मग कंबर, मग छाती, मग खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी हात, चाबकासारखं. चाबकाचं टोक आपण वेगळं हलवत नाही, मूठ हलवतो आणि वेग टोकापर्यंत जातो, तसं. ज्याचा हात आधी निघाला त्याचं कोपर दुखणार आणि भाला पण लांब जाणार नाही, दोन्हीकडून तोटा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर.

ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकची फायनल होती, आपल्याकडे रात्री बारा वाजायला आलेले, आम्ही सगळे जागे. नीरज चोप्राचा 89.45 मीटरचा थ्रो, आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा 92.97, ऑलिंपिक रेकॉर्ड. नीरजला सिल्व्हर. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सगळी पोरं हळहळत होती. सरांनी विचारलं की नीरजचे सहा थ्रो होते, त्यातले मोजले गेले किती? एक. बाकी पाच फाऊल. मग खडूने जमिनीवर कमान काढली, रनअपच्या शेवटी जी वाकडी पांढरी रेघ असते ती, जी ओलांडली की फाऊल, आणि सांगितलं की भाला सुटल्यावर अंगाचा सगळा वेग थांबवायला जागा लागते, म्हणून डावा पाय रेघेच्या अगदी जवळ नाही रोवायचा, मागे रोवायचा, आणि तरी तो वेग आवरेलच असं नाही, जगातल्या सगळ्यात चांगल्या माणसालाही त्या रात्री आवरला नाही. आणि नीरज सोडल्यावर पुढे पडतो, हात टेकतो, ते बघून पोरं पण पडायची नक्कल करतात. सरांनी त्यावर सरळ बंदी घातलीय. म्हणाले ते पडणं त्याच्या वेगातून येतं, तुमच्यात तो वेग नाही, तुम्ही नुसते गुडघे फोडून घ्याल. मला हे फार आवडलं, म्हणजे टीव्हीवर बघितलेल्या गोष्टीतून पोरांना नेमकं काय उचलायचं आणि काय नाही ते दुसऱ्याच दिवशी सांगणं.

चवथीनंतर भाला आला. पण फेकायला नाही, आधी बोटावर तोलायला. सरांनी सगळ्यांना सांगितलं एका बोटावर आडवा ठेवा, कुठे तोलतो बघा. धरायला दोरी गुंडाळलेली असते तिथेच तोलतो. मग त्यांनी उवे होनची गोष्ट सांगितली, पूर्व जर्मनीचा, 1984 मध्ये त्याने 104.80 मीटर फेकला. इतका लांब की आणखी थोडा वाढला असता तर मैदानाच्या पलीकडे जाऊन कोणाला तरी लागला असता, शिवाय तेव्हाचे भाले तरंगत जाऊन आडवे पडायचे आणि टोक आधी टेकलं की नाही यावरून भांडणं व्हायची. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा तोल चार सेंटिमीटर पुढे सरकवला, नाक लवकर खाली यावं म्हणून. बायकांच्या भाल्यात तो बदल 1999 मध्ये झाला. त्यामुळे होनचा आकडा जुन्या भाल्याचा म्हणून बाजूला राहिला आणि आता जो वर्ल्ड रेकॉर्ड आहे तो यान झेलेझनीचा, 98.48, 1996 चा. आणि हाच होन नंतर काही काळ नीरजचा कोच होता, हे ऐकल्यावर पोरांचे डोळे असे मोठे झाले. (झेलेझनी पण पुढे नीरजचा कोच झाला.) घरी येऊन लेकीने मला हे सगळं परत सांगितलं, लाटणं बोटावर तोलून.

पकडीच्या तीन पद्धती असतात. एकीत अंगठा आणि तर्जनी दोरीच्या मागच्या कडेला अडकवतात, एकीत अंगठा आणि मधलं बोट अडकवून तर्जनी भाल्याच्या अंगावर मागे लांब ठेवतात, आणि तिसरीत भाला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरतात. आधीच्या ठिकाणी तिला पहिली शिकवली होती कारण सगळ्यांना तीच. इथे सरांनी एक आठवडा ही, एक आठवडा ती असं करून तिन्ही करून घेतल्या. कोपर दुखलेल्या पोरांना बेचक्यातली पकड बरी पडते असं ते म्हणाले, पण हिला तीत भाला नीट सुटेना. शेवटी मधल्या बोटाची ठरली, तिची बोटं लांब आहेत म्हणून. इतका वेळ एका पकडीवर घालवणारा माणूस मी बघितला नव्हता.

आता सरांची खरी कला. मला ॲथलेटिक्समधलं काही कळत नव्हतं तरी हे बघून मी थक्क झाले. पोराने भाला फेकला की आपण सगळे भाला कुठे पडतो ते बघतो. सर बघत नाहीत. ते मान खाली घालून रनअपकडे जातात आणि जमिनीवरच्या पावलांच्या खुणा बघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपली लाल माती ओलसर असते, ठसे छान उमटतात. डाव्या पायाची टाच कुठे रोवली, पंजा सरळ आहे की बाहेर वळलाय, उजव्या पायाच्या अंगठ्याने माती ओढलेली रेघ आहे की नाही. ती ओढलेली रेघ असली पाहिजे म्हणे. ती असली म्हणजे डावा पाय खांबासारखा उभा राहिला, कंबर त्याच्यावरून पुढे गेली आणि उजवा पाय मागून नुसता ओढला गेला. रेघ नसेल आणि उजवा ठसा खोल असेल तर पोरगं त्या पायावर बसून राहिलं होतं. एकदा लेकीने म्हटलं सर मी डावा पाय सरळच ठेवला होता. सरांनी तिला हाताला धरून ठशापाशी नेलं, बोटाने दाखवलं, टाचेपेक्षा पंजा खोल गेलाय, म्हणजे गुडघा वाकला. "माती खोटं नाही बोलत गो." तिने परत फेकला, परत बघायला गेली, आता ती पण आधी ठसे बघते आणि नंतर भाला.

आणि भाला पडतो तिथलं भोक पण ते वाचतात. भाला उपटायच्या आधी. भोक कलतं आहे की उभं, माती एका बाजूला उडालीय की दोन्ही, शेपूट डावीकडे झुकलीय की सरळ. सपाट पडून नुसता ओरखडा असेल तर तो थ्रो त्यांच्या हिशोबात नाही, कितीही लांब असो, कारण स्पर्धेत पण टोक आधी लागलं नाही तर मोजत नाहीत. (रुतायलाच पाहिजे असं नाही, टोक आधी टेकलं पाहिजे बस, हे मला आधी माहीत नव्हतं.)

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा कान. शेवटच्या दोन पावलांचा आवाज येतो ना, उजवा मग डावा, थप थप. तो जितका जवळजवळ येईल तितकं चांगलं. उजवा टेकला आणि डाव्याने उशीर केला की मधल्या वेळात सगळा वेग सांडतो. सर कधी कधी पाठ करून उभे राहतात, दुसऱ्या पोराची दोरी गुंडाळत, आणि मागून थप......थप आलं की न वळता म्हणतात "उशीर". पोरं चकित होतात पण त्यात जादू काही नाही, वीस-बावीस वर्षं हेच ऐकलंय त्यांनी. मी पण आता बाकावर बसून डोळे मिटून ऐकते आणि बऱ्याचदा माझं आणि सरांचं एक येतं.

अजून एक. लेकीच्या सायन्सच्या पुस्तकात की कुठेतरी तिने वाचलं की 45 अंशात फेकलं की सगळ्यात लांब जातं, आणि ती आभाळात फेकायला लागली. सर रागावले नाहीत. म्हणाले ते दगडाचं गणित आहे, ते पण हवा नसेल आणि दगड जमिनीवरून निघत असेल तेव्हा. इथे भाला खांद्याच्या वरून सुटतो, हवेवर थोडा तरंगतो, आणि माणसाचं अंग वरच्या दिशेला तितका जोर लावूच शकत नाही जितका पुढे लावतं. म्हणून चांगले खेळाडू तीस ते छत्तीस अंशांच्या आसपास सोडतात. आणि नुसता कोन नाही, भाल्याचं नाक आणि हाताचा जोर एकाच रेषेत पाहिजेत. नाक वर आणि जोर खालून असा झाला की भाला हवेत थरथरतो, पोट दाखवतो आणि धपकन पडतो. "टोकातून मार" असं ते ओरडतात त्याचा अर्थ हाच. हे समजावताना त्यांनी मैदानाच्या कुंपणाला चुन्याने एक खूण केली आणि सांगितलं रोज तिथे बघून सोडायचा, अंश-बिंश विसरून जा.

थ्रो किती ते मोजून. आठवड्यात दोनच दिवस खरा भाला, आणि त्या दिवशी पंचवीसच्या वर नाही, त्यातले अर्धे उभ्याने किंवा तीन पावलांवरून. बाकी दिवस बॉल, धावणं, उड्या. कोणाचं कोपर किंवा खांदा दुखतोय असं कळलं की त्याचा भाला बंद. नीरजच्या कोपराचं 2019 मध्ये ऑपरेशन झालं आणि त्याचं जवळजवळ ते अख्खं वर्ष गेलं, हे सर वारंवार सांगतात, पोरं दुखणं लपवतात म्हणून. आमच्या बॅचमध्ये दुखणं सांगितल्याबद्दल शाबासकी मिळते, हे मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

सुरक्षेच्या बाबतीत सर फार कडक, आणि इथे काही पालक त्यांच्यावर नाराज पण असतात. आपल्याकडे मैदान म्हणजे फुटबॉल, हे काही सांगायला नको. संध्याकाळी पाचला मोठी मुलं फुटबॉल खेळत असतात आणि ती हलल्याशिवाय सर एकही भाला हातात देत नाहीत. अर्धा अर्धा तास जातो. एक बाबा म्हणाले अहो ती त्या बाजूला आहेत, ह्या बाजूला फेकू द्या. सर नाही म्हणाले म्हणजे नाहीच. सगळ्यांनी एका शिट्टीवर फेकायचं, सगळे भाले पडले की दुसऱ्या शिट्टीवर चालत जाऊन आणायचे, धावत नाही. रुतलेल्या भाल्याकडे समोरून जायचं नाही, बाजूने जायचं, कारण त्याची शेपूट बरोबर तोंडाच्या उंचीवर असते. उपटताना ज्या कलाने आत गेला त्याच कलाने मागे ओढायचा, हलवून वाकवून नाही. परत येताना उभा धरून, टोक खाली. एक मुलगा शिट्टीच्या आधी धावला तर सरांनी त्याला आठवडाभर भाल्याला हात लावू दिला नाही, रोज येऊन नुसता ट्यूबचा व्यायाम. माझं मत विचाराल तर बरोबर केलं.

भाला विकत घ्यायचा का, हे सगळे विचारतात. घाईने घेऊ नका. आम्ही आधीच्या ठिकाणी सांगितलं म्हणून 70 मीटरवाला घेतला होता, वाटलं महाग म्हणजे चांगला. भाल्यांवर असा मीटरचा आकडा असतो, तो कोणाच्या हाताला योग्य ते सांगतो. जास्त आकड्याचा भाला कडक असतो, त्याला वेग लागतो, वीस-पंचवीस मीटर फेकणाऱ्या पोरीच्या हातात तो नुसता कोपराला हिसका देतो. सरांनी तो बघितला, काही बोलले नाहीत, भिंतीला उभा करून ठेवला आणि तिला मऊ वापरातला दिला. वजन पण वयाप्रमाणे, 18 खालच्या मुलींना 500 ग्रॅम, मोठ्या बायकांना 600, 18 खालच्या मुलांना 700 आणि पुरुषांना 800. लहान पोरांना ते आधी बांबूचा देतात. मार्च ते मे आपली जांभ्याची जमीन दगडासारखी होते, टोक आत जातच नाही, भाला आपटून उडतो आणि वाकतो, म्हणून त्या महिन्यांत रबराचं टोक लावलेलेच वापरायचे.

आता तक्रारी. बॅच मोठी झालीय. आम्ही आलो तेव्हा बारा-तेरा मुलं होती, आता बावीस, आणि चांगले भाले सहा. नव्या मुलांकडे सरांचं लक्ष जातं (गेलंच पाहिजे) आणि मधली पोरं अर्धा वेळ रांगेत उभी असतात. दुसरा एखादा मदतनीस, आणि तो पण बाई असेल तर फार बरं होईल, कारण मुली आता नऊ आहेत. मैदानावर मुलींसाठी कपडे बदलायला जागा नाही, शाळा सुटली की टॉयलेटला कुलूप. मी आणि अजून दोन आयांनी सरांना तीनदा सांगितलं, ते म्हणतात बोलतो, अजून काही झालेलं नाही. फोन उचलत नाहीत, मेसेजचं उत्तर दुसऱ्या दिवशी. एका स्पर्धेची तारीख आम्हाला फक्त दोन दिवस आधी कळली, कागदपत्रांसाठी माझी एक रजा गेली. फीची पावती नाही. फी महिना बाराशे, परीक्षेच्या महिन्यात घेत नाहीत. मोठ्या मुलांसाठी वजनांची जिम नाही, ह्याबद्दल सर स्वतःच सांगतात की मूल सतरा-अठराचं झालं आणि पुढे जायचं असेल तर माझ्याकडे ठेवू नका, सिंथेटिक ट्रॅक आणि जिम आहे तिथे न्या. वर्षातून दोन-तीनदा ते मोठ्या पोरांना बांबोळीला घेऊन जातात, मातीवरचा वेग आणि त्या ट्रॅकवरचा वेग यात फार फरक पडतो, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) पण वेगळे, पहिल्या वेळेला लेक तर रनअपमध्ये चार पावलं चुकली. हे जास्त वेळा व्हायला पाहिजे असं मला वाटतं, पण गाडीचा खर्च कोण करणार हा प्रश्न येतो आणि तिथेच अडतं.

एक सांगायचं राहिलं, स्पर्धेच्या दिवशीचे सर. पहिल्या स्पर्धेत लेकीचे पहिले दोन थ्रो आडवे पडले, लाल झेंडा दोन्हीला. मी गॅलरीत बसून रडायला आलेले. सर कुंपणाच्या बाहेर उभे होते, आत जाता येत नाही. ते ओरडले नाहीत, हातवारे नाहीत, तिने त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी फक्त दोनदा टाळी वाजवली, अगदी जवळजवळ, टप टप. तिला कळलं. तिसरा थ्रो 24 मीटर आणि काहीतरी, नंबर आला नाही, पण टोक रुतलं होतं आणि ती भाला पडला तिकडे न बघता मागे वळून स्वतःचे ठसे शोधत होती, आणि सिंथेटिकवर ठसे कुठले. आता ती 500 ग्रॅमचा 31 मीटर टाकते. कोपर परत दुखलेलं नाही, मी अजून दर आठवड्याला स्वतः दाबून बघते.

पाठवायचं असेल तर जूनमध्ये पाठवा, व्हरांड्यातल्या ट्रेनिंगपासून, मध्येच डिसेंबरात नको, तेव्हा सर स्पर्धांच्या गडबडीत असतात आणि नव्या पोराचा पाया राहून जातो. क्रिकेटवाली मुलं असतील तर जास्तच वेळ लागेल, बाजूने फेकायची सवय मोडायला आमच्या घरी पाच महिने गेले. घरून निघताना पेज किंवा काहीतरी पोटभर खाऊन पाठवा, सात वाजेपर्यंत सुटत नाहीत. पहिले दोन-तीन महिने भाला हातात मिळणार नाही हे मुलांना घरीच सांगून ठेवा. आणि सायकलची जुनी ट्यूब बरोबर द्या, दुकानात पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते.